समोरच्या सोंडेवरची साद

२६ फेब्रुवारी २०१९ रोजी विद्यापीठाच्या खरेदी विभागाने आठशे एकोणपन्नास डॉलरचं एक ध्वनिमुद्रण यंत्र मंजूर केलं. हे नववं. आठ यंत्रांची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच होती. नवव्यासाठी लोरीन टिडमोरला तिच्या मार्गदर्शक डॉ. ब्रॅनम बाईंच्या खोलीत बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या.

"तुझ्या वडिलांच्या जमिनीवर सहा वर्षांत एकही टर्की नाही, हे तूच लिहिलंयस," बाई चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या. "मग तिथे यंत्र लावून काय ऐकणार आहेस? खारी?"

"शून्यसुद्धा मोजावं लागतं ना, मॅडम. पक्षी असलेल्याच जागा घेतल्या तर तुलना कशाशी करायची?"

"हे कागदावर लिहायचं कारण झालं. खरं कारण?"

लोरीनने अर्ज बाईंच्या पुढे सरकवला. "तेही तेच आहे. फक्त थोडं घरचं आहे."

बाईंनी सही केली. "शून्य निघालं तर प्रबंधात एक ओळ लिही. नाही निघालं तर आधी मला सांग."

लोरीन तेव्हा तेहतीस वर्षांची होती. बरोबरचे विद्यार्थी चोवीस-पंचविशीचे. शाळा संपल्यावर ती टायरच्या कारखान्यात लागली, अनेक वर्षं रात्रपाळी केली, एक लग्न केलं, ते मोडलं, आणि मग पुन्हा पहिल्या बाकापासून शिकायला सुरुवात केली. आता ती रानटर्कींच्या विणीच्या हंगामाचा अभ्यास करत होती. माद्या घरटं कुठे करतात, त्यातली अंडी कोण खातं, किती पिल्लं जगतात, नर साद घालायला केव्हा लागतात आणि केव्हा गप्प होतात, हे तिचे प्रश्न. थंडीत मक्याचे दाणे टाकून टर्की एका जागी आणायच्या, जाळं उडवून धरायच्या, माद्यांच्या पाठीवर शाळेच्या दप्तरासारखा इवलासा ट्रान्समीटर बांधायचा आणि सोडून द्यायचं. पुढचे चार महिने त्यांच्या मागे हिंडायचं. अलाबामात या कामाला माणसं कमी पडत नाहीत. तिथे अर्ध्या गावाला टर्कीचं वेड असतं आणि उरलेलं अर्धं गाव त्या वेड्यांच्या घरात राहत असतं.

लोरीनच्या घरचे वेडे म्हणजे तिचे वडील, हॉयट टिडमोर. वय चौऱ्याहत्तर. उभा जन्म सॉ-मिलमध्ये, मोठ्या करवतीच्या शेजारी गेला. ऐंशी एकर जमीन, अर्धी पाइनची, अर्धी ओकची. मधून ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना टेकडीच्या दोन सोंडा.

वसंतात, पुरतं उजाडायच्या आधी, टर्कीचा नर झाडावर बसल्या बसल्या मान ताणतो आणि गळ्यातून एक खळखळाट सोडतो. लाकडी पेटीत मूठभर गोट्या घरंगळाव्यात तसा. ती त्याची साद. माद्यांनी यावं म्हणून घातलेली. लोरीन सात वर्षांची असताना हॉयट तिला पहिल्यांदा सोंडेवर घेऊन गेले होते. ओकाच्या बुंध्याला पाठ टेकून दोघं बसली. मग हॉयटनी एक बोट वर केलं. "ऐकलंस?" तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन टेकड्यांपलीकडचा नर त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. शिकारीची वेळ निघून चालली होती, पण ते उठले नाहीत. तिला ऐकू येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले. तिला आलं, तिने डोळे मोठे केले, तेव्हा उठले. त्या सकाळी टर्की मिळाली नाही. लोरीनला मात्र पुढे कारखान्यात यंत्रापाशी उभी असताना, दुसऱ्या गावातल्या भाड्याच्या खोलीत पडली असताना, तीच एक सकाळ आठवायची.

तिची आई इमोजीन रोज पहाटे कॉफीचा कप घेऊन पोर्चमध्ये उभी राहायची आणि आत ओरडून सांगायची, "आज दोन आहेत, हॉयट. एक ओढ्याकडे, एक वरच्या सोंडेला." हॉयट बूट चढवून त्या दिशेला निघायचे. २०१२ च्या हिवाळ्यात इमोजीन गेली. पुढच्या वसंतात सोंड मुकी होती. त्याच्या पुढच्याही. हॉयट इतकंच म्हणाले, "तिच्या पाठोपाठ गेल्या." त्यावर कोणी शंका घेतली नाही, कारण राज्यभर टर्की कमी होतच होत्या. लोरीनने पस्तिशीकडे झुकताना हा अभ्यास घेतला तो त्या मुक्या सोंडेपायी. टर्की का घटतात ते कळावं, जमलं तर त्या परत याव्यात, आणि वडिलांनी आपल्या जमिनीवर एकदा तरी पुन्हा ती साद ऐकावी. तिला एवढंच हवं होतं. प्रबंधात तसं लिहिता येत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती यंत्र घेऊन घरी आली. हॉयट तिच्याबरोबर सोंडेवर चढले आणि ती पट्टा आवळत असताना बाजूला उभे राहिले.

"हे काय, मधमाश्यांची पेटी?"

"कान आहे, डॅडी. पहाटेपासून नऊपर्यंत ऐकतो आणि साठवून ठेवतो."

"पगार काय याला?"

"आठशे एकोणपन्नास. एकदाच."

"मला सॉ-मिलवाल्यांनी दोन आठवड्यांचे एवढे कधी दिले नाहीत. आणि मी तर शिव्यासुद्धा ऐकून घ्यायचो."

लोरीन हसली. "तुम्ही अजून रोज येता का इथे?"

"येतो. घरात कॉफी घेऊन बसलं की समोरची खुर्ची दिसते. इथे निदान झाडं दिसतात." त्यांनी हनुवटीने ओढ्यापलीकडे दाखवलं. "घुबड काढतो चार वेळा, आणि जातो परत."

घुबड काढणं ही तिकडची जुनी युक्ती. पहाटे घुबडाचा हुबेहूब आवाज काढला की झाडावरचा नर चिडून साद घालतो आणि आपली जागा दाखवून बसतो. हॉयटचं घुबड पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. चर्चच्या सहलीत पोरं त्यांच्यामागे लागून ते काढून घ्यायची.

"यंत्राजवळ घुबड नको, डॅडी. माझी आकडेवारी बिघडेल."

"शून्याचं काय बिघडणार, पोरी?"

तिने पट्टा आणखी एकदा ओढून पाहिला.

परतताना दोघं व्हर्लन गेदरच्या दुकानात थांबली. डिझेल, गळाचे किडे आणि तळलेली कोंबडी असं सगळं एका छपराखाली. काउंटरपाशी चार म्हातारे ठाण मांडून होते.

"मग मिस्टर हॉयट, तुमच्या सोंडेवर किती ऐकले?" व्हर्लनने विचारलं.

"एकही नाही."

"अरेरे! ऐकलंत का रे? एकही नाही. मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्यालासुद्धा एकही ऐकू आला नव्हता. त्याच्या घरी बर्फ आणायला गेलो, तर फ्रीजरमध्ये दोन!"

"मी खरं सांगतोय, व्हर्लन."

"तोही हेच म्हणाला होता. अगदी याच चेहऱ्याने."

सगळे हसले. हॉयटही हसले. त्या मुलखात टर्कीचा ठावठिकाणा कोणी कोणाला सांगत नाही. सख्खा भाऊ विचारू दे, पाद्री विचारू दे, उत्तर एकच: काही ऐकलं नाही. कोटावर टर्कीचं पीस चिकटलेलं असलं तरी तेच. त्यामुळे सहा वर्षं हॉयट जे सांगत होते ते सगळ्यांनी रीत म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

मार्च-एप्रिल लोरीनने जंगलातच काढले. दप्तरवाल्या माद्यांपैकी एक एक मादी अंड्यांवर बसत होती. बसलेल्या मादीजवळ जायचं नसतं. सुरुवातीच्या दिवसांत तिला उठवलं तर ती अंडी टाकून जाते ती परत येत नाही. दुरून, काट्यांतून फिरत, अँटेना धरून ती आहे की नाही एवढं पाहायचं. मग एके दिवशी मादी निघून गेल्याचं कळतं, आणि जाऊन पाहावं तर रॅकूनने फोडलेली टरफलं. लोरीन ती टरफलं पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची आणि पुढच्या घरट्याकडे वळायची.

एप्रिलच्या सुरुवातीला तिने नऊही यंत्रांतली कार्डं काढून आणली. संगणक आवाजाचं चित्र करतो आणि साद असेल असं वाटेल तिथे लाल खूण करतो. पुढे माणसाने कानांनी खात्री करायची, कारण संगणकाला कुत्रा, सुतारपक्षी आणि दूरचा ट्रक यांतला फरक नीटसा कळत नाही. लोरीनने घरचं कार्ड शेवटी लावलं. खुणा भराभर उमटायला लागल्या. यंत्रात बिघाड दिसतो, असं मनाशी म्हणत तिने हेडफोन चढवले.

आधी पिकअपचं दार. दोनदा आपटलेलं, कारण त्या दाराची कडी एकदा आपटून लागत नाही. मग खोकला. वाळक्या पानांवर पावलं. थोडा वेळ नुसते पक्षी. मग हॉयटचं घुबड, खर्जातलं, शेवटी घसरत जाणारं. त्याचा शेवटचा हुंकार पुरा व्हायच्या आत ओढ्यापलीकडून, समोरच्या सोंडेवरून, खणखणीत साद आली.

लोरीनने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

आता काहीतरी होईल. ते दबकत खाली उतरतील, पानं वाजतील. काही वाजलं नाही. मोठ्या अवधीनंतर पुन्हा घुबड. पुन्हा लगेच साद. पुन्हा घुबड, पुन्हा साद. मग हॉयटचा आवाज, जवळून, स्वतःशीच: "आजही नाहीच." पावलं. दार दोनदा. पिकअप निघून गेला, आणि तो गेल्यावर नराने आणखी दोनदा साद घातली.

तिने दुसरा दिवस उघडला. तेच. तिसरा उघडला. एका दिवशी पाऊस होता म्हणून हॉयट आले नव्हते, नर होता. बाकी सगळ्या दिवशी दोघंही होते.

डॉ. ब्रॅनम बाईंनी उभ्या उभ्याच ऐकलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"किती लांब असेल हा पक्षी?"

"दोनशे यार्ड. फार तर अडीचशे."

"आणि वडिलांना…"

"नाही ऐकू येत, मॅडम."

बाईंनी पडद्यावरच्या लाल खुणांवरून बोट फिरवलं. "एक सांगू? रागावू नकोस. घुबडाला दिलेलं उत्तर आपल्याला मोजता येणार नाही. ती पक्ष्याने आपणहून घातलेली साद नाही."

"ठाऊक आहे मला."

"वडील निघून गेल्यानंतरची तेवढी साद धर."

लोरीनने त्याप्रमाणे केलं. वडिलांना मिळालेली सगळी उत्तरं तिने स्वतःच्या हाताने आकडेवारीतून वगळली.

घरी मात्र तिने पुष्कळ दिवस काही सांगितलं नाही. जेवायला जायची, आणि आजवर न पाहिलेल्या गोष्टी तिला दिसायच्या. टीव्ही एवढा मोठा की खिडकीची काच थरथरत होती. ते नेहमी तिच्या डाव्या बाजूची खुर्ची घेत होते, उजवा कान तिच्याकडे राहील अशी. पाठ वळवून काही विचारलं की उत्तर येत नव्हतं, आणि तिला आजवर वाटत आलं होतं की आई गेल्यापासून ते अबोल झाले. आई असताना तीच प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची. पोर्चमधून टर्की कुठे आहे तेसुद्धा. जवळ गेल्यावर हॉयटना ऐकू यायचं, पण कुठे जवळ जायचं ते इमोजीन सांगत होती. ती गेली आणि टर्की मुक्या झाल्या.

टर्की गेल्या हे दुःख हॉयटनी इमोजीनच्या दुःखाशेजारी नीट लावून ठेवलं होतं. आता त्यांना सांगायचं काय? की त्या कुठेही गेलेल्या नाहीत?

एका रविवारी, चर्चहून आल्यावर, जेवणं झाली. हॉयटनी मक्याच्या पावाचा शेवटचा तुकडा ताटातल्या रश्शात फिरवून खाल्ला. लोरीनने टेबल पुसलं आणि लॅपटॉप मांडला. मग मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले.

"विमान चालवायचंय का मला?" ते मोठ्याने म्हणाले.

तिने आवाज पूर्ण चढवला आणि कळ दाबली.

"हा माझा ट्रक," हॉयट म्हणाले. "दाराला तेल घालायला हवं." मग स्वतःचा खोकला ऐकून हसले. मग घुबड. "अजून बरं काढतो हं मी." आणि मग त्यांचा चेहरा थांबला. एक हात आपोआप हेडफोनवर गेला आणि त्यांनी तो कानावर दाबून धरला.

ते संपेपर्यंत हलले नाहीत.

"कोणाची जमीन ही?"

"आपली," लोरीन त्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणाली.

"कधीचं आहे?"

"मागच्या महिन्यातलं. मंगळवार."

"छे. मंगळवारी मी तिथेच होतो."

"हो, डॅडी. ते तुम्हीच आहात."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग हेडफोन काढून, तार गुंडाळून, अंडं ठेवावं तसे टेबलावर ठेवले.

"म्हणजे तो उत्तर देत होता."

"प्रत्येक वेळी."

"आणि मी उठून चालता व्हायचो."

लोरीनने मान डोलावली.

हॉयट खिडकीबाहेर बघत होते. "त्याला काय वाटलं असेल ग?" ते म्हणाले. थोड्या वेळाने: "म्हणत असेल, काय उर्मट घुबड आहे. रोज सकाळी हाक मारतं आणि रोज पाठ फिरवून जातं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"इमोजीन सांगायची," ते म्हणाले. "पोर्चमधून. मला वाटायचं, मीही ऐकतोय."

मग उठून त्यांनी भांडी घासायला घेतली. नळ चालू राहिला.

लोरीनने पुढच्या फेरीत कार्ड काढलं, तेव्हा त्या रविवारनंतर त्यात पिकअपचं दार नव्हतं. एकाही दिवशी नव्हतं. नर आपणहून साद घालत होता, आणि ती सगळी मोजता येण्यासारखी होती. तिने ती मोजली. आपण सांगितलं ते चूक की बरोबर, हे तिला ठरवता येईना. आधी त्यांच्याजवळ निदान ती पहाट तरी होती.

एप्रिल सरत आला तेव्हा फोन वाजला. हॉयट फोनवर नेहमीच ओरडून बोलत. ते का, हे तिला आता कळलं होतं.

"शनिवारी काय करतेस?"

"घरट्यांवर जायचंय, डॅडी. तीन माद्या—"

"आधी इकडे ये. उजाडायच्या आत."

"तुम्ही बरे आहात ना? कसं काय—"

"मला काही ऐकू येत नाही, पोरी. फोनवर बोलत बसू नकोस. ये."

ती आली तेव्हा ते पायरीवर बसले होते, बूट घालून. हात मोकळे होते.

"बंदूक?"

"घरात. नेम कुठे धरायचा ते सांगायला दुसरं माणूस लागलं, तर ती शिकार नव्हे, सरकारी काम."

दोघं सोंडेवर चढली. डॉगवूडची पांढरी फुलं गळून वाटेवर पडली होती, तेवढीच वाट दिसत होती. हॉयट ओकाला टेकून बसले आणि शेजारी बसलेल्या लोरीनचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. सॉ-मिलने दोन बोटांची टोकं कापून नेलेला तो हात.

"त्याने घातली की दाब. बोलू नकोस."

त्यांनी घुबड काढलं. समोरच्या सोंडेवरून साद आली. लोरीनने हात दाबला. हॉयटनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिने हनुवटीने दाखवलेल्या दिशेला. तिकडे अंधार आणि झाडं. पुन्हा घुबड. पुन्हा साद. तिने दाबला. असं तीन-चारदा झालं. दर वेळी ते त्या दिशेला मान थोडी पुढे करून बघत, दारात उभं राहून कोणाची तरी वाट बघावी तसे.

मग एकदा त्यांनीच तिच्याकडे वळून पाहिलं. "आत्ता? आत्ता घातली ना?"

साद नव्हती. महामार्गावरून ओंडक्यांचा ट्रक गेला होता. तिने नुसता हात दाबला असता तर झालं असतं. बोटं दाबायला निघालीही होती. पण या सोंडेवर त्यांना पुरेसं खोटं मिळालं होतं. त्यातलं काहीच कोणी मुद्दाम दिलेलं नव्हतं, तरीही.

"नाही, डॅडी. ट्रक होता."

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा समोर बघायला लागले.

उजाडलं. नर झाडावरून खाली उतरला असावा. जमिनीवर आला की तो साद घालायचं कमी करतो. लोरीन कान देऊन बसली. वारा नव्हता. खूप वेळ काहीच आलं नाही. गेला, असं तिने मनाशी धरलं, आणि आता हे यांना कसं सांगायचं, याचा विचार करू लागली.

तेवढ्यात त्यांनी तिचा हात दाबला.

तिने वळून पाहिलं. त्यांचा दुसरा तळवा छातीवर सपाट ठेवलेला होता. डोळे डावीकडे, खालच्या झुडपांच्या जाळीवर. तिला काहीही ऐकू येत नव्हतं. तिने श्वास रोखला. तरी नाही. त्यांनी पुन्हा दाबला. आणि मग तिला आलं, किंवा यावं असं वाटलं: खूप खोलातला एक घुमारा, जमिनीखालून कोणी ढोल उचलून नेत असावं तसा. मादी जवळ आहे असं वाटलं की पिसारा फुलवून, संथ पावलं टाकत नर तो छातीतून काढतो. तीस पावलांपलीकडे तो पोचत नाही. तिच्या यंत्रांनाही कधी मिळाला नव्हता. करवतीने हॉयटचे वरचे सूर नेले होते. खालचा राहिला होता.

ते दाबत राहिले. एकदा, मग पुन्हा, मग जरा थांबून. त्यांच्या ओठांवर हसू नव्हतं. तोंड थोडं उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं.

मग ओढ्याकडून एका मादीचा तुटक, चिरका आवाज आला. तो लोरीनला ऐकू आला, हॉयटना नाही. त्यांची बोटं आणखी एकदा दाबली गेली, पुसट. मग तशीच राहिली.

"गेला," ते म्हणाले.

"मादीने बोलावलं त्याला."

"तुझ्या दप्तरवाल्यांपैकी?"

"असेल."

"मग जाऊ दे. तुला अंडी हवीत."

दोघांपैकी कोणालाही त्याचं पीससुद्धा दिसलं नव्हतं. ऊन झाडांतून खाली उतरलं. लोरीनच्या तिन्ही माद्या वाट बघत होत्या, म्हणजे खरं तर बघत नव्हत्या, पण जायला हवं होतं. हॉयटनी हात सोडला नव्हता.

"परत येईल का तो?"

"सांगता येत नाही, डॅडी. आज बहुतेक नाही."

"थोडं थांबू या."

ती थांबली. ते समोर बघत होते आणि अधूनमधून तिच्या बोटांकडे. ऊन त्यांच्या बुटांपर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत. तिने एकदाही हात दाबला नाही, कारण दाबण्यासारखं काही आलं नाही. शेवटी तेच उठले. उठताना झाडाचा आधार घेतला आणि पँटवरची पानं झटकली.

महामार्गावरच्या पेट्रोल पंपाशी त्यांनी नाश्ता केला. सॉसेज घातलेले गरम पाव, मक्याच्या कण्या, कॉफी. हॉयटनी खिसे चाचपले. पाकीट रविवारच्या पँटमध्ये राहिलं होतं. लोरीनने पैसे दिले.

"पुढच्या शनिवारी देतो," ते म्हणाले. "त्याच वेळी. इथेच."

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? मी देणार. तू ये म्हणजे झालं."

पुढचा शनिवार घरट्यांवर गेला, आणि त्याच्या पुढचाही. हॉयट टिडमोर यांच्याकडून लोरीनला त्या नाश्त्याचे अकरा डॉलर छत्तीस सेंट अजून येणं आहे.